टेबलाचं भाडं आणि पाळण्याचा हिशेब

१९९३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रश्न आला. मुलं सांभाळणाऱ्या आयाचा पगार हा धंद्याचा खर्च धरायचा की घरखर्च? विचारणाऱ्या होत्या टोरांटोच्या वकील एलिझाबेथ साइम्स. त्या पगारी नोकर नव्हत्या, फर्ममध्ये भागीदार होत्या, म्हणजे धंदा त्यांचा स्वतःचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घरी आया नसेल तर मी ऑफिसची पायरी चढू शकत नाही, मग ऑफिसचं भाडं खर्चात धरता, तसा आयाचा पगारही धरा. नऊ न्यायाधीश बसले होते. सात जणांनी नाही म्हटलं. दोघींनी हो म्हटलं, आणि त्या खंडपीठावर बायका दोनच होत्या.

मी पुण्यात लहान धंद्यांचे हिशेब लिहून देते. डबेवाली, ब्लाउज शिवणारी, वेबसाइट बनवून देणारी, घरून शिकवण्या घेणारी, असा सगळा गोतावळा. दर मार्चमध्ये मला या साइम्सबाई आठवतात, कारण आयकराचा नियम आपल्याकडेही तोच आहे. वैयक्तिक खर्च धंद्यात धरता येत नाही. मोबाइलचं बिल चालतं, गिऱ्हाइकाकडे जायला घातलेलं पेट्रोल चालतं, गिऱ्हाइकाला पाजलेला चहासुद्धा चालतो. पाळणाघराची फी मी लाल पेनानं कापते. समोर बसलेली बाई दरवेळी विचारते, "अहो, पण ते नसतं तर यातलं एकही बिल फाटलं नसतं." बरोबर असतं तिचं. मी तरीही कापते.

गेली काही वर्षं या बायका मला आणखी एक प्रश्न विचारतात: ताई, ते को-वर्किंग आणि पाळणाघर एकत्र असतं म्हणे, तसं आपल्याकडे कुठे आहे का, परवडतं का, आणि इतकी चांगली कल्पना आहे तर गल्लोगल्ली का नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायला जरा लांबून यावं लागेल.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. को-वर्किंग म्हणजे भाड्याचं टेबल. अख्खं ऑफिस घ्यायला डिपॉझिट, फर्निचर, वीज मीटर, झाडूवाली असा सगळा पसारा लागतो. तो एका मालकानं उभा करायचा आणि टेबलं दिवसावर किंवा महिन्यावर द्यायची. वायफाय, प्रिंटर, मीटिंगची खोली आणि चहाचं मशीन सगळ्यांत मिळून. शिवाय पत्ता मिळतो. जीएसटीच्या अर्जात, उद्यम नोंदणीत, गुमास्त्यात घरचा पत्ता घातला की सोसायटीचे सेक्रेटरी भुवया उंचावतात, त्यामुळे काहीजणी टेबलापेक्षा पत्त्यासाठीच पैसे भरतात. आता याच जागेत एक दार जास्त समजा. दाराआड गाद्या, बुटकी बेसिनं, खेळणी, दोन-तीन ताई आणि दहा-बारा मुलं. आई या बाजूला कोटेशन पाठवते, मूल त्या बाजूला पेज खातं. एवढीच कल्पना.

लंडनच्या पटनी भागात 'थर्ड डोअर' नावाची अशी जागा २०१० साली सुरू झाली. तिचा भर तासांच्या मोकळिकीवर होता: ठरावीक पूर्ण दिवस विकत घेण्याची सक्ती नाही, लागतील तेवढे तास घ्या. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये 'द विंग' निघालं, खास बायकांसाठी, गुलाबी सोफे आणि मोठी गुंतवणूक घेऊन. पुढे काही ठिकाणी त्यांनी मुलांची खोलीही केली. महासाथीत टेबलं ओस पडली आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये सगळं बंद झालं. सिंगापूरचं 'ट्रेहाउस' वेगळ्या वाटेनं गेलं. तिथे पूर्वप्राथमिक शाळा आणि ऑफिस शेजारी-शेजारी उभी केली.

भारतात मात्र बहुतेक वेळा चित्र असं दिसतं की टेबलं तिसऱ्या मजल्यावर एका मालकाची, तळमजल्यावर पाळणाघर दुसऱ्याच कंपनीचं, आणि दोघांची बिलं वेगळी. काहीजणींना तेही पुरतं.

कायद्याला एकटी बाई दिसत नाही

पाळणाघर ही आपल्याकडे नवी गोष्ट अजिबात नाही. १९४८च्या कारखाने कायद्यातच ते होतं. मूळ आकडा ५० स्त्री कामगारांचा होता, पुढे तो ३०वर आला: ३०पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवा. कायदा लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण बायका मोजल्या की मालकही मोजायचा. तिसाच्या आत राहिलं की खोली वाचायची.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्याबद्दल बहुतेकांना फक्त २६ आठवड्यांची रजा माहीत आहे. दुसरी अर्धी गोष्ट अशी की ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. इथे मोजणी बाई-पुरुष न पाहता होते, त्यामुळे बायका कमी ठेवून सुटका नाही. ही मोठी सुधारणा होती. हीच तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत आली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे.

आता माझ्या वेबसाइटवालीला या मोजणीत बसवा. तिच्याकडे कर्मचारी किती? शून्य. ती स्वतः मालकीण आहे, मालकीण कर्मचारी नसते. उद्या तिनं दोन मुली मदतीला घेतल्या तरी आकडा दोनच. म्हणजे आयटी कंपनीतल्या तिच्या मैत्रिणीला जे कायद्यानं मिळतं, ते नोकरी सोडून धंदा काढल्या दिवशी हिचं संपतं. नोकरी देणारा असेल तर त्याच्याकडून पाळणा मागता येतो. स्वतःच नोकरी देणारी झालीस, तर मागायचं कुणाकडे? आपण एका हातानं "उद्योजिका व्हा" म्हणून मेळावे भरवतो, मुद्रा कर्ज देतो, आणि कायद्यातला पाळणा मात्र पगाराच्या पावतीला बांधून ठेवतो.

सरकारी बाजूला अंगणवाडी आहे. हा शब्द आपल्या मातीतला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पण अंगणवाडी काही तासच चालते आणि तिथे बसून शिकणारी मुलं मुख्यतः तीन ते सहा वयाची. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा जो काळ, ज्यात धंदा उभा राहतो किंवा बुडतो, तो जवळजवळ रिकामा राहतो. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास अशी रचना होती. २०२२पासून ती केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' योजनेखाली 'पाळणा' या नावानं आली आणि देशभर १७ हजार अंगणवाडी-सह-पाळणाघरांचं उद्दिष्ट ठरलं. देशाच्या आकाराला हा आकडा लहानच म्हणायचा, पण दिशा बरोबर आहे.

नफ्यावर फरक किती पडतो याचे धागे आफ्रिकेतल्या अभ्यासांत सापडतात. युगांडातल्या छोट्या दुकानांच्या एका अभ्यासात, तान्ह्या मुलाला दुकानात घेऊन बसणाऱ्या बायकांचा नफा इतर दुकानदार बायकांपेक्षा बराच कमी निघाला. केनियात नैरोबीच्या कोरोगोचो वस्तीत लेकुरवाळ्या बायकांना पाळणाघराच्या फीची कुपनं दिली गेली, तेव्हा त्यांच्यातल्या कमावत्या बायकांचं प्रमाण वाढलं. त्यातली मला आवडलेली बाब अशी की आधीपासून काम करणाऱ्या बायका कुपनानंतर कमी तास काम करूनही तेवढंच कमावत होत्या. मूल कडेवर घेऊन केलेला तास आणि मोकळ्या हातांनी केलेला तास यांची किंमत एक नसते. हे सांगायला अभ्यास कशाला हवा, असं कुठलीही आई म्हणेल. पण बँकेच्या मॅनेजरला सांगायला लागतो.

आपल्याकडची २०२४ची वेळ-वापर पाहणीही एक गोष्ट नेमकी दाखवते. १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका रोज घरातल्या कुणाची तरी देखभाल करतात, आणि ज्या करतात त्या दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के, मिनिटं ७४. स्वयंपाक-धुणीभांडी यात धरलेली नाहीत, ती वेगळीच.

हिशेब का जुळत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येते. टेबल आणि पाळणा हे दोन धंदे स्वभावानंच उलटे आहेत.

टेबलाचा धंदा गैरहजेरीवर जगतो. ५० टेबलांची जागा असेल तर मालक ७० जणांना सदस्य करून घेतो, कारण रोज सगळे येत नाहीत. कुणी गिऱ्हाइकाकडे गेलेलं असतं, कुणी गावी. रिकामं टेबल पुन्हा विकता येतं. जिमचं गणितही हेच, जानेवारीत पैसे भरणारे सगळे मार्चमध्ये आले तर जिम फुटेल.

पाळणाघरात हे चालत नाही. तिथे विकायची वस्तू जागा नसून हात आहेत, आणि हातांना मोजमाप असतं. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालच्या दर १० मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि तीनच्या वरच्या २० मुलांमागे एक असं प्रमाण दिलं आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक. मला विचाराल तर दहा तान्ही एका ताईला देणं हे कागदावरचं गणित आहे. एकाचा डायपर बदलायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात उरलेले नऊ काय करतात याचा विचार करून पाहा. बरी पाळणाघरं चार-पाच मुलांमागे एक ताई ठेवतात.

एक काल्पनिक हिशेब मांडते. आकडे माझे, समजायला सोपे म्हणून घेतलेले. तीन वर्षांखालची १२ मुलं. चार मुलांमागे एक म्हणजे तीन ताई, प्रत्येकी १५ हजार: ४५ हजार. त्यांच्यावर एक शिकलेली, अनुभवी प्रमुख: २२ हजार. ४०० चौरस फूट जागा, ६० रुपये दरानं २४ हजार. खाणं, साफसफाई, साबण, खेळणी, वीज, कॅमेरे मिळून ९ हजार. बेरीज बरोबर १ लाख. बारा जागा भरल्या तर मुलामागे ८,३३३ रुपये. आठच भरल्या तर १२,५००. ताईंचा पगार मात्र तोच, कारण चार मुलं कमी आहेत म्हणून कुणाला अर्ध्या पगारावर बोलावता येत नाही, आणि बोलावूही नये.

याच्या वर धंदा सुरू करणाऱ्या बाईची गरज बसवा. तिला मंगळवारी तीन तास हवेत, गुरुवारी पाच, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे म्हणून तीन अख्खे दिवस, त्यानंतर पंधरा दिवस काहीच नको. तासावर द्यायचं म्हटलं तर १२ जागा, दिवसाचे ९ तास, महिन्याचे २५ दिवस मिळून २,७०० तास होतात. १ लाखाला त्यानं भागलं तर तास ३७ रुपयांना पडतो. वा, किती स्वस्त! पण ते सगळे तास विकले गेले तर. निम्मे विकले तर ७४. आणि सगळ्याजणींना हवी असते सकाळी दहा ते एकची वेळ. दुपारी चारला ताई गाद्या झटकत बसतात. रिक्षावाल्याला जे सकाळच्या शाळेच्या वेळेचं, तेच इथे.

म्हणून या जोड-जागा बंद पडतात किंवा हळूहळू दोन्हीपैकी एक काहीतरी होतात. एक तर पाळणाघराचं पूर्ण वेळेचं नर्सरी स्कूल होतं आणि टेबलं शोभेला राहतात, नाहीतर मुलांची खोली "सध्या दुरुस्तीसाठी बंद" होते आणि तिथे मीटिंग रूम येते. कुणाची नियत खोटी नसते. १ लाखाचा खर्च दर महिन्याला दार ठोठावत असतो, एवढंच.

टेबलाच्या भाड्याचाही एक बारीक काटा सांगते, कारण गिऱ्हाइकांना तो बिल आल्यावरच कळतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ६ हजारांचं टेबल ७,०८०ला पडतं. मोठी कंपनी तो कर स्वतःच्या करातून वळता करून घेते. सेवा देणारी जी बाई वर्षाला २० लाखांच्या आत आहे आणि जीएसटी नोंदणीच केलेली नाही, तिला तो खिशातूनच भरावा लागतो. लहान असल्याची ही किंमत.

मग जमतं कुठे? जिथे रिकाम्या जागांचा भार दुसरं कुणीतरी उचलतं, तिथे. आणि ते दुसरं कुणीतरी कायद्यानंच तयार करून ठेवलं आहे. ५० कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना पाळणाघर द्यावं लागतं, पण साठ माणसांच्या कंपनीत त्या वर्षी तान्ही मुलं असतात तीन. तिघांसाठी खोली, ताई, प्रमुख उभं करणं तिला नको असतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं यावर वाट ठेवली आहे: एक किलोमीटरच्या परिघातल्या आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवलं तरी चालतं, परवानगी घेऊन. सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी एकत्र सोय मान्य आहे. म्हणजे बाणेर किंवा ठाण्याच्या एखाद्या व्यापारी संकुलात चार कंपन्यांनी महिन्याच्या आठ जागा कायमच्या घेतल्या, तर पाळणाघराचा पाया पक्का होतो. उरलेल्या चार जागा तासावर एकट्या धंदेवाल्या बायकांना देता येतात, त्याही वाजवी दरात. मी जर को-वर्किंगवाली असते तर सोफ्यांचा रंग ठरवण्याआधी शेजारच्या कंपन्यांच्या एचआरना भेटले असते.

दुसरी वाट अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेची. इला भट्टांनी १९७२ साली उभी केलेली ही स्वयंरोजगारी बायकांची संघटना. भाजीवाल्या, विडी कामगार, कागद वेचणाऱ्या या बायकांनाही "कर्मचारी" म्हणून मोजणारं कुणी नव्हतं. त्यांची बालसेवा केंद्रं सांभाळणाऱ्या बायकांच्याच सहकारी संस्थेनं चालवली, आणि केंद्राची वेळ मुलांच्या आईच्या कामाच्या वेळेवरून ठरली. सांभाळणारी मालकीण असली की ती नोकरी सोडून पळत नाही, हा त्यातला न दिसणारा फायदा. ताया टिकणं ही पाळणाघराची निम्मी लढाई असते.

आपल्याकडचं उत्तर बरेचदा तिसरं राहिलं आहे: बाईला घराबाहेर काढायचं नाही, काम घरी न्यायचं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. भिजवलेलं पीठ केंद्रावरून न्यायचं, पापड घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. मूल पोळपाटाशेजारी रांगतं आहे आणि कमाईही होते आहे. ही रचना हुशारीचीच आहे आणि तिनं हजारो घरं चालवली. पण लाटण्याचं काम मध्येच ठेवून उठता येतं. गिऱ्हाइकाशी भाव ठरवताना, व्हिडिओ कॉलवर नमुना दाखवताना, बँकेत सही करताना उठता येत नाही. धंदा जसजसा मोठा होतो तसतसं असं न तुटणारं काम वाढत जातं, आणि तिथे "घरूनच करते ना ती" हे वाक्य कामाला येत नाही.

दाराआडचे बारकावे

जागा पाहायला गेलात तर आवाज आधी तपासा. आई बाजूच्या खोलीत आहे हे मुलाला कळलं की खेळ संपला; मग ते दारच वाजवत बसतं. मूल आईला दिसावं, पण आई मुलाला दिसू-ऐकू येऊ नये, असं दार हवं. मोठ्या काचेच्या भिंती फोटोत छान दिसतात. तिथे काम होत नाही. मोबाइलवर कॅमेऱ्याचं थेट चित्र देणाऱ्या जागांबद्दल माझं मत जरा तिरकं आहे: पैसे कामाच्या तासांचे भरायचे आणि तीन तास स्क्रीनवर मूल बघत बसायचं, हे मी स्वतः केलेलं आहे.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईसाठी जवळ असणं हाच सगळ्यात मोठा फायदा. मार्गदर्शक तत्त्वंही पाळणाघर कामाच्या जागेत किंवा ५०० मीटरच्या आत असावं असं सुचवतात. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चारच तास टिकतं, आणि आपला एप्रिल काय २५ अंशांचा नसतो. फ्रिज कुणाचा, त्यात मासळीचे डबेही असतात का, हे विचारायला लाजू नका.

सांभाळणाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं याची यादी लेखी आहे का, तळमजला आहे का. हे प्रश्न विचारल्यावर जे लोक चिडतात, त्यांच्याकडे मूल ठेवू नये. आणि पहिल्या दिवशीच मोठी मीटिंग लावू नका. मूल रुळायला आठ-पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस टेबलाचे पैसे जातात आणि काम होत नाही, ते भांडवली खर्च म्हणूनच मनात धरा.

तापाचं काय, हा प्रश्न कुणी माहितीपत्रकात छापत नाही. चांगलं पाळणाघर आजारी मुलाला घेत नाही, आणि घेऊही नये, नाहीतर बारा घरं आडवी होतात. पहिल्या पावसाळ्यात मूल महिन्याला दोनदा तरी आजारी पडतं असं धरून चाला. म्हणजे पाळणाघर मिळालं तरी तापाच्या दिवसांसाठी आजी, मावशी किंवा नवऱ्याची रजा यापैकी काहीतरी हाताशी लागतंच. गिऱ्हाइकाला तारीख देताना मी बायकांना दोन दिवस वाढवून सांगायला सांगते.

तासांची भिशी

ज्यांच्या भागात अशी जागाच नाही, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती नव्या कामाला लावता येते. जर्मनीत लाइपझिगला 'रॉकझिपफेल' नावानं आई-बाप आणि मुलांचं एकत्र ऑफिस निघालं. त्या शब्दाचा अर्थ झग्याचं टोक, जे धरून मूल आईमागे फिरतं. आपण पदर म्हणू. एका खोलीत टेबलं, शेजारी मुलं.

हे आपल्याला भिशीसारखं मांडता येतं. पैशांच्या ऐवजी तास टाकायचे. पाच लेकुरवाळ्या मैत्रिणी, सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते एक. रोज दोघी मुलांजवळ, तिघी टेबलावर. आठवड्याच्या दहा पाळ्या पाच जणींत वाटल्या की प्रत्येकीला दोन दिवस पाळी आणि तीन दिवस काम मिळतं, म्हणजे न तुटणारे १२ तास. दोघी ठेवायच्या कारण एकीला शौचालयात जायचं असतं, आणि काही झालं तर साक्षीला दुसरी हवी. जागा सोसायटीच्या क्लबहाउसची. सकाळी ते रिकामंच असतं, संध्याकाळी टेबल टेनिसवाले येईपर्यंत.

भिशी जशी एका जणीनं हप्ता चुकवल्यावर डगमगते, तशीच हीही. म्हणून नियम आधी कागदावर लिहा: पाळी चुकली तर बदली कोण, आजारी मूल आणायचं नाही, मोबाइल पाळीत पिशवीत. आणि पैसे अजिबात घ्यायचेच नाहीत असं न करता महिन्याला थोडे जमवा, साबण-फिनेल-बिस्किटांवरून मैत्रिणी तुटतात. सहा-आठ महिन्यांत यातल्या दोघींचा धंदा इतका वाढतो की त्यांना पाळी परवडत नाही. तेव्हा त्या दोघींनी पैसे घालून एक ताई ठेवायची. बरीच छोटी पाळणाघरं अशीच कुणाच्या तरी हॉलमध्ये सुरू झाली असणार.

आता पुन्हा माझ्या लाल पेनाकडे. कर खातं पाळणाघराची फी मानत नाही म्हणून ती खर्च नाही असं होत नाही. ती दरात धरावी लागते. वेबसाइटवालीचं उदाहरण घ्या, आकडे बदलले आहेत. महिन्याला ४० हजार येतात, टेबल-नेट-सॉफ्टवेअर धरून १२ हजार जातात, वहीत नफा २८ हजार. ८० तास काम, म्हणजे तास ३५० रुपयांचा. पाळणाघराचे ९ हजार वजा केले की उरतात १९ हजार, आणि तास २३७ रुपयांचा होतो. ती ३५० धरून कोटेशन देत होती आणि महिनाअखेरीला पैसे कुठे जातात म्हणून चक्रावत होती.

म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर, कर खात्याला न दाखवायचा, पण खरा हिशेब लिहून देते. त्यात फीच्या दोन ओळी असतात: साडेचार हजार तिच्या नावावर, साडेचार हजार मुलाच्या वडिलांच्या नावावर. सगळी फी आईच्याच कमाईतून वजा करून "तिच्या धंद्यात काही उरत नाही" असं म्हणायची घराघरांत सवय आहे, आणि बायकांनाही आहे. अर्धी वजा केली की तिचा तास जवळजवळ २९४ रुपयांचा होतो.

मागच्या महिन्यात तिचा नवरा कागद न्यायला आला होता. शेवटचं पान उलटून पाहिलं, जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, ही दुसरी ओळ माझ्या हिशेबात लिहायची का?"

मी म्हटलं, "तुमची वही घेऊन या."